कूपे, कन्व्हर्टिबल की निघणारा टप? मराठवाड्यात स्पोर्ट्स कार निवडण्याचा क्रम

स्पोर्ट्स कार घ्यायला गेलेल्या माणसाला शोरूममध्ये सर्वांत आधी काय दाखवतात, तर टप उघडून. दहा-पंधरा सेकंदांत टप घडी होऊन मागे जातो आणि निवड तिथेच होऊन जाते. गाडी चैत्रात घरी येते, आणि आषाढापर्यंत मालकाच्या लक्षात येते की ते बटण आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दाबले. उलटही घडते. धुळीला भिऊन कूपे घेतलेला माणूस डिसेंबरच्या सकाळी म्हैसमाळच्या चढाला लागला की वरच्या पत्र्याकडे पाहून हळहळतो. दोघांची चूक एकच आहे. त्यांनी टप आधी ठरवला आणि आपला वापर नंतर पाहिला.

पुढील टप्पे छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंतच्या भागात राहून, गाडी रोज नाही तरी आठवड्यातून दोन-तीनदा चालवणाऱ्या वाचकासाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. पहिले चार टप्पे एकही गाडी न पाहता पार पाडायचे आहेत, आणि नेमके तेच लोक गाळतात.

## सुरुवातीला शब्द नीट समजून घ्यावेत

कूपे म्हणजे दोन दारांची, पक्क्या टपाची गाडी. कन्व्हर्टिबल, कॅब्रिओले, रोडस्टर आणि स्पायडर ही नावे कंपनीगणिक बदलतात, परंतु या सर्वांत टप पूर्ण मागे जातो. यात दोन पोटप्रकार आहेत. एकात टप कापडी असतो, तर दुसऱ्यात धातूचे तुकडे घडी होऊन डिकीत बसतात. निघणाऱ्या टपाच्या गाडीत डोक्यावरचा मधला भाग तेवढा निघतो, आणि सीटमागची भक्कम पट्टी व मागची काच आपल्या जागी राहते. पोर्शेने या रचनेला १९६५ मध्ये टार्गा हे नाव दिले आणि पुढे ते सर्रास या प्रकारालाच चिकटले. जुन्या टार्गाचा तुकडा हाताने काढावा लागे. २०१४ पासूनच्या पोर्शे ९११ या मॉडेलच्या टार्गामध्ये ते काम मोटर करते आणि त्यासाठी मागची अख्खी काच वर उचलली जाते.

तुलना शिकण्यासाठी ९११ चेच उदाहरण घ्यावे, कारण ती तिन्ही रूपांत मिळते. सध्याच्या पिढीतील कॅब्रिओलेचा टप सुमारे १२ सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालतानाही उघडतो. टार्गाला सुमारे १९ सेकंद लागतात आणि गाडी उभी असावी लागते. कॅब्रिओले कूपेपेक्षा साधारण ७० किलोंनी जड असते आणि टार्गा त्याहूनही थोडी जड. टप कापला की गाडीची पेटी, म्हणजे तिचा मूळ सांगाडा, ढिली होते, मग ती घट्ट करण्यासाठी खाली व बाजूंना जादा लोखंड घालावे लागते. हे वजन तिथून येते.

सावधान: सेकंडहँड जाहिरातीत नुसते नाव वाचून प्रकार गृहीत धरू नये. बीएमडब्ल्यू झेड४ च्या २००९ ते २०१६ च्या पिढीत धातूचा घडीचा टप होता, तर त्यानंतरच्या पिढीत तो पुन्हा कापडी झाला. नाव तेच राहिले तरी देखभाल पूर्ण वेगळी आहे. आणखी एक गोष्ट अशी की मोठे सनरूफ म्हणजे निघणारा टप नव्हे. हे सांगावे लागते, याचे मलाही आश्चर्य वाटते.

## टप्पा १ : उघड्या टपाचे तास मोजावेत

एक वही घ्यावी. दोन आठवडे प्रत्येक फेरीची वेळ, रस्ता, सोबत कोण होते, आणि “आत्ता टप उघडला असता का?” याचे प्रामाणिक उत्तर लिहावे. शेवटचा रकाना मनात न भरता गाडीतून उतरताच भरावा, कारण रात्री घरी बसून आठवले की प्रत्येक फेरी रम्य वाटते.

या नोंदी आपल्याकडच्या वर्षावर पसरून पाहाव्यात. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत पारा चाळिशीकडे सरकतो आणि तिच्या पुढेही जातो. या काळात टप सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच उघडता येतो. जून ते सप्टेंबर उघडीप पाहून चालवावे लागते. ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा चटका देते आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा रस्त्यावर उडत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, पण तोच ऊसतोडीचाही हंगाम असल्याने बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर पाचट सांडत जाणाऱ्या ट्रॉल्यांमागे उघड्या गाडीत पाच मिनिटे काढणेही कठीण होते.

वहीवरून हिवाळ्यात गाडी चालवण्याच्या एकूण तासांपैकी निदान एक चतुर्थांश तास टप खरोखर उघडा राहील असे दिसत नसेल, तर कन्व्हर्टिबलचा विचार सोडावा. हा निकष माझा आहे. तो कोणत्या पुस्तकात सापडणार नाही, परंतु तो लावून घेतलेल्या निर्णयाचा पश्चात्ताप झालेला मी पाहिलेला नाही.

वहीला जोड म्हणून कापडी टपाची महिंद्रा थार कुणाकडून दिवसभरासाठी मिळते का, ते पाहावे. ती स्पोर्ट्स कार नाही आणि तिचा टपही हातानेच काढावा लागतो. तरीही ऊन मानेवर कसे बसते, धूळ कुठून येते, आणि चौकात सिग्नलला उभे असताना शेजारच्या दुचाकीवरचे तिघे आपल्या मांडीवरचा मोबाइल कसा वाचतात, हे सर्व ती एका दिवसात शिकवते.

नेहमीची चूक: घरात लग्न आहे, नवरदेवाची वरात उघड्या गाडीतून काढता येईल, या कारणासाठी कन्व्हर्टिबल घेतली जाते. वरातीत नवरदेव सीटवर बसत नाही, तो मागे घडी झालेल्या टपाच्या झाकणावर बसतो. ते झाकण माणसाच्या वजनासाठी बनवलेले नसते. ते वाकले की टप अर्ध्यात अडकतो आणि दुरुस्तीच्या खर्चात आणखी एक छोटे लग्न होते. वरातीला घोडा बरा.

## टप्पा २ : गाडी उभी राहण्याची जागा पारखावी

कापडी टपाची गाडी उघड्यावर उभी करणे मराठवाड्यात परवडणारे नाही. ऊन हे त्याचे एक कारण झाले. वानरे, मांजरे, कावळे आणि कडुनिंब ही त्याहून मोठी कारणे आहेत. वानराने कापडावर उडी मारली की शिवण उसवते, आणि मांजराला उबदार कापडाइतकी आवडती जागा दुसरी नाही. कडुनिंबाची बारीक पाने टपाच्या कडेच्या पन्हाळीत जाऊन बसतात आणि पाणी वाहून नेणारी भोके बुजवतात. माझ्या एका गाडीत पहिल्या दोन पावसांतच सीटखालचा गालिचा ओला झाला. टप फाटला असावा म्हणून मी आठवडाभर कापड तपासत बसलो, आणि शेवटी निघाला तो मूठभर निंबाचा पाला.

गाडीवर कापडी आच्छादन घालून हा प्रश्न सुटत नाही. धुळीने माखलेल्या टपावर आच्छादन ओढले की काळ्या मातीचे बारीक कण पॉलिश कागदासारखे घासतात. वरून पक्के छप्पर आणि तीन बाजूंनी भिंत नसेल, तर कूपे किंवा फार तर निघणारा टप, एवढाच पर्याय उरतो.

तपासणी: पोर्चच्या स्लॅबची उंची टेपने मोजावी. टप उघडताना तो गाडीच्या उंचीपेक्षा बराच वर जातो, आणि आजच्या टार्गाची काच मागच्या बाजूलाही सरकते. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये तुळईला टप आपटण्याचे प्रकार याच दुर्लक्षातून होतात. टप किती उंच जातो हा आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो, तो विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

## टप्पा ३ : रस्ता आणि गतिरोधक मोजावेत

स्पोर्ट्स कार खाली घासते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु कोणत्या गतिरोधकावर घासते याचा हिशोब कोणी करत नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २.४५ मीटर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली की तिची चारही चाके त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे माथा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर राहतो. पोट घासण्याचा प्रश्नच येत नाही.

अडचण गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या गतिरोधकांची आहे. हात-दीड हात रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा डांबराचा ढीग दोन चाकांच्या बरोबर मध्ये येतो, आणि मग त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाला भिडते. म्हणून मोजताना उंचीसोबत रुंदीही मोजावी. घरापासून महामार्गापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाची नोंद करावी आणि सर्वांत अरुंद-उंच असेल त्याच्याशी गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट व जमीन यांतले अंतर, ताडून पाहावा. दोन माणसे व सामान बसल्यावर गाडी आणखी खाली बसते, हेही धरावे.

टपाच्या प्रकाराशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला असा की अनेक कन्व्हर्टिबल गाड्यांच्या पोटाखाली मजबुतीच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि घासले की आधी त्याच वाकतात. दुसरा असा की आपण गतिरोधक तिरके ओलांडतो. तिरक्या चालीत एक चाक वर आणि समोरच्या कोपऱ्यातले दुसरे खाली राहते, गाडीची पेटी पिळली जाते, आणि टप कापलेल्या गाडीला हा पीळ सर्वाधिक जाणवतो. काचेच्या वरच्या कडेला कुरकुर सुरू होते आणि रबर झिजते. ज्या वाचकाच्या रोजच्या रस्त्यावर असे आठ-दहा गतिरोधक आहेत, त्याने कूपेला एक गुण जास्त द्यावा.

मोठ्या रस्त्यांचा विचार वेगळा. जालना-संभाजीनगरवरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हा बंद टपाचा रस्ता आहे. कारसाठी असलेल्या ताशी १२० च्या मर्यादेत टप उघडा ठेवला, तर वारा आणि काँक्रीटवरील टायरचा आवाज तासाभरात डोके उठवतो. उघड्या टपाचा आनंद ताशी ४० ते ७० च्या वेगात, खुलताबाद-म्हैसमाळसारख्या वळणांवर मिळतो. वाचकाचे वर्षातले बहुतेक किलोमीटर मुंबई-नागपूरच्या धावपळीत जाणार असतील तर कूपेखेरीज दुसरे प्रकार पाहण्याचीही गरज नाही.

## टप्पा ४ : माणसे आणि डिकी

यातील बहुतेक गाड्यांत दोनच सीट असतात, आणि ज्यांत मागे आणखी दोन असतात, त्या लहान मुलांपुरत्या किंवा पिशव्यांपुरत्या समजाव्यात. लहान मुलाला पुढच्या सीटवर बसवण्याची वेळ येणार असेल, तर तिथली एअरबॅग बंद करता येते का ते आधीच विचारावे. वडीलधाऱ्यांना एकदा बसवून आणि विशेषतः उठवून पाहावे. बसणे सोपे असते, उठताना गुडघ्यांची परीक्षा होते. उंच माणसाने तिन्ही प्रकारांत डोक्याची जागा स्वतंत्र तपासावी.

डिकीची फसवणूक धातूच्या घडीच्या टपात होते. शोरूममध्ये टप बंद असताना डिकी प्रशस्त दिसते. आत एक सरकते कापड किंवा पडदा असतो, तो खाली ओढून जागेवर बसवला तरच टप उघडतो, आणि त्याच्याखाली जेवढी जागा उरते तेवढीच आपली. हाताने काढायच्या टपातही तो तुकडा डिकीतच ठेवावा लागतो.

तपासणी: घरची नेहमीची बॅग सोबत न्यावी, टप आत घालून डिकीत ती बसते का ते पाहावे. स्टेपनीही विचारावी. ती बहुधा नसते. पंक्चरचे औषध व पंप देतात, आणि टायर बाजूने फाटला तर त्याचा उपयोग होत नाही.

## टप्पा ५ : आता प्रकार ठरवावा

वही, टेपने घेतलेली मापे आणि रस्त्यांची यादी समोर ठेवूनच हा टप्पा करावा. यात मधला मार्ग शोधण्याचा मोह टाळावा, कारण निघणारा टप हा मधला मार्ग वाटतो, पण तो दोन्ही बाजूंच्या अडचणी घेऊन येतो.

कूपे कोणाला घ्यावी? ज्याचे पक्के गॅरेज नाही, ज्याचे सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईत आहे, ज्याला वेगात वळणे घ्यायची आहेत, किंवा ज्याच्या वहीत उघड्या टपाचे तास कमी आहेत, त्या प्रत्येकाला. संभाव्य खरेदीदारांपैकी बहुतेकांचे उत्तर हेच येईल आणि ते येऊ द्यावे.

कन्व्हर्टिबल घ्यायची ठरली तर कापडी की धातूचा हा प्रश्न उरतो. धातूचा टप बंद असताना शांत असतो आणि वानरांना दाद देत नाही, परंतु त्याचे सांधे, हायड्रॉलिक नळ्या आणि सेन्सर जास्त असतात. यांतील एक सेन्सर रुसला तरी टप अर्ध्यात उभा राहतो. परभणीत पाऊस सुरू होताना टप अर्धवट उभा आणि कारागीर पुण्यात, ही कल्पना करून निर्णय घ्यावा. गारपिटीत धातूला पोचे पडतात, आणि पोचा सांध्याजवळ पडला तर तुकडे नीट बसत नाहीत. कापडाला पोचा पडत नाही, ते मोठ्या गारेने फाटते. कापडी टप हलका व रचनेने साधा असतो, आणि आजच्या गाड्यांत त्याला अनेक थर असल्याने तो पूर्वीइतका आवाजही आत येऊ देत नाही. गॅरेज पक्के असेल तर मी कापडी घेईन.

निघणारा टप अशा माणसाने घ्यावा, ज्याला आकाश हवे आहे पण मागून येणारा वारा नको, आणि जो आठवड्याच्या शेवटी आधी ठरवून निघतो. सीटमागची पक्की पट्टी गाडी उलटल्यास आधार देते, ही त्याची जमेची बाजू. हाताने काढायच्या तुकड्याबाबत एक शिस्त पाळावी लागते. “आज आभाळ स्वच्छ आहे” म्हणून तो घरी ठेवून निघायचे नाही. मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस दुपारी चार वाजता विचारून येत नाही.

सावधान: स्थानिक गॅरेजमध्ये कूपेचा टप कापून कन्व्हर्टिबल करून देणारे भेटतात. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. विमा कंपनी दावा नाकारण्यास मोकळी होते आणि गाडीची ताकद जाते ती वेगळीच.

## टप्पा ६ : चाचणी, आधी टप बंद ठेवून

विक्रेता टप उघडूनच गाडी हातात देईल. नम्रपणे तो बंद करायला सांगावा आणि पहिला अर्धा तास तसाच चालवावा. शक्य असल्यास चाचणी दुपारी दोनच्या सुमारास घ्यावी, कारण एसी किती वेळात आतली हवा बसवतो हे तेव्हाच कळते. मागे पाहताना कोपऱ्यात किती आंधळी जागा राहते, हे लक्ष देऊन पाहावे. कापडी टपात आणि टार्गाच्या जाड पट्टीमागे ती वेगवेगळ्या ठिकाणी असते.

नंतर खराब रस्त्यावर ताशी ३० ते ४० च्या वेगात आरशाकडे बघावे. आरसा थरथरत असेल, स्टिअरिंगचा खांब हलल्यासारखा वाटत असेल, तर तो पेटीचा ढिलेपणा आहे. तो रस्त्याच्या माथी मारू नये. त्याच रस्त्यावर त्याच मॉडेलची कूपे चालवून फरक पाहावा.

टप उघडण्याचा क्रम असा ठेवावा: गाडी सपाट जागी, इंजिन चालू, डिकीतले सामान पडद्याखाली, वर व मागे मोकळी जागा. एक चाक फूटपाथवर असताना टप कधीही चालवू नये. पिळलेल्या पेटीत कड्या जागेवर येत नाहीत. टप सलग तीनदा उघडून बंद करावा आणि फोनवर वेळ मोजावा. तिसऱ्या खेपेला तो रेंगाळत असेल किंवा पंपाचा सूर बदलत असेल, तर कारण विचारावे.

या गाड्यांच्या काचांना चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी उतरली की ही हालचाल होत नाही. अशा वेळी दार झटका मारून उघडल्यास काच व रबर दोन्ही जातात. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी, गाडी धुणाऱ्या मुलासकट.

## टप्पा ७ : सेकंडहँड असल्यास पाण्याची परीक्षा

मायलेज आणि टायर सर्वच पाहतात. टपाच्या गाडीत खरा आजार पाणी असतो आणि तो कोरड्या दिवसात दिसत नाही. म्हणून गाडी उन्हाळ्यात पाहत असाल तरी पाणी मारून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

बागेचा साधा पाइप घ्यावा. प्रेशर वॉशर वापरू नये, त्याने धडधाकट गाडीतही पाणी शिरते. एकाने आत टॉर्च आणि कागदी रुमाल घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून हळू धार सोडावी. सुरुवात खालून करून वर जावे: आधी दाराची खालची कड, मग बाजूची काच, मग समोरच्या काचेची वरची कड, शेवटी मागची काच. एकेका ठिकाणी पाच मिनिटे द्यावीत. थेट वरून पाणी ओतले तर गळती कुठून आली ते कधीच कळत नाही.

यानंतर टप अर्धा उघडून कडेच्या पन्हाळीत पेलाभर पाणी ओतावे. ते गाडीखाली जमिनीवर पडलेले दिसले पाहिजे. दिसले नाही तर ते आत कुठेतरी साचले आहे. झेड४ च्या २००२ ते २००८ च्या पिढीत टपाचा हायड्रॉलिक पंप याच पाणी जाण्याच्या जागेजवळ बसवलेला होता, आणि भोक बुजले की मोटर बुडून जात असे. भोक मोकळे करताना लोखंडी तार घालू नये, ती आतली नळी फोडते. गवत कापण्याच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी पुरते.

कापडी टप रात्री तपासावा. आत टॉर्च लावून बाहेरून पाहिले की घडीच्या रेषेवरची बारीक छिद्रे चमकतात. मागची काच कापडापासून सुटत चालली आहे का, ते बोटाने हलके दाबून पाहावे. जुन्या गाडीत काचेच्या जागी प्लास्टिक असेल तर ते पिवळे पडलेले असणार, आणि त्याची बदली किमतीतून वजा करूनच बोलावे. धातूच्या टपात डिकीच्या बाजूचे अस्तर आणि समोरच्या काचेवरील कड हाताने चाचपावी. तेलकट लागले तर हायड्रॉलिक गळते आहे.

सावधान: सीटच्या रुळांवर चिखल किंवा गंज दिसला तर विक्रेता सहज म्हणतो, “एकदा टप उघडा राहिला होता.” पावसाचे पाणी वरून पडते. पुराचे पाणी खालून चढते आणि गाळ मागे ठेवते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का, ते पाहावे.

## टप्पा ८ : कर, विमा आणि सर्व्हिसचे अंतर

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर लागतो, तर आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. अशा गाड्यांपैकी बहुतेक तयार स्वरूपातच आयात होत असल्याने १ कोटीच्या गाडीला २० लाखांचा कर धरून चालावे, आणि दीड कोटीला ३० लाखांची मर्यादा गाठली जाते. शोरूमच्या किमतीत हा आकडा मिळवूनच कूपे व कन्व्हर्टिबलमधील फरक काढावा. टपाचे जादा पैसे कर लागून आणखी वाढतात, आणि तो फरक अनेकांना आरटीओच्या पावतीवर पहिल्यांदा दिसतो.

परराज्यातील गाडी घेताना तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परदेशातून वापरलेली गाडी आणायची असेल तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, ही अट आहे. निघणाऱ्या टपाच्या अनेक अमेरिकी गाड्या इथेच बाद होतात.

विम्यात एक प्रश्न लेखी विचारावा: टपाचे कापड कोणत्या वर्गात धरणार? साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर काही कापला जात नाही. कापड पहिल्या वर्गात गेले तर नव्या टपाचे निम्मे पैसे खिशातून जातील. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड घ्यावी आणि तिच्यात टप धरलेला आहे, हे ईमेलवर लिहून घ्यावे. तोंडी “हो साहेब, सगळं कव्हर आहे” याला दाव्याच्या दिवशी किंमत नसते.

सर्व्हिस सेंटर संभाजीनगरात नसेल तर सपाट ट्रकवर गाडी नेण्याचा खर्च एकदा विचारून ठेवावा. हुकाने ओढून नेणारी क्रेन या गाडीला लावू देऊ नये. तालुक्याच्या पंपांवर ९५ ऑक्टेनचे पेट्रोल मिळेलच असे नाही, म्हणून आपल्या नेहमीच्या मार्गावर ते कुठे मिळते याची यादी गाडी येण्याआधीच करावी.

## टप्पा ९ : गाडी घरी आल्यावर पहिले चार महिने

टपाची धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने ती काढावी, मग पाण्याने, कापडाच्या विणीच्या दिशेने धुवावे. बॉडीचे मेण कापडाला लावू नये. ओला टप घडी करून ठेवला तर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. पाऊस लागला तर घरी येऊन टप बंद स्थितीतच वाळू द्यावा. दाराच्या व टपाच्या रबरांना उन्हाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या आधी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

टप महिन्यातून निदान दोनदा पूर्ण उघडून बंद करावा, वापर असो वा नसो. हायड्रॉलिकची रबरे न हलल्याने सुकतात. वेरूळला किंवा म्हैसमाळला चहा प्यायला उतरताना टप बंद करूनच उतरावे, दोन मिनिटांसाठी जरी उतरायचे असले तरी. तिथल्या वानरांना काच खाली असलेली गाडी आणि टप उघडी गाडी यांतला फरक फार लवकर कळतो.

मृगाच्या आधी पन्हाळीतली भोके पुन्हा एकदा पेलाभर पाण्याने तपासावीत, आणि शेजारी कडुनिंब असेल तर पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी.